शेजाऱ्यांनी ठेवून गेलेलं स्नॅपिंग टर्टल: नक्की कुठलं आहे आणि मोठं झालं की ठेवायचं कसं?

मुग्धा_पिट्सबर्ग:
नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय. आमचे शेजारी नोकरीसाठी ॲरिझोनाला शिफ्ट झाले आणि जाताना त्यांच्या मुलाचं कासव आमच्याकडे ठेवून गेले. त्यांना ते मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये घरामागच्या क्रीकजवळ सापडलं होतं, तेव्हा क्वार्टरच्या नाण्याएवढं होतं म्हणे, आता कवच मोजलं तर बरोब्बर ३ इंच भरतंय. रंग काळपट तपकिरी, पाठीवर तीन उभ्या रेघा उठून दिसतात, शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब, उचललं की तोंड उघडतं आणि एक घाण वास सोडतं. शेजारी म्हणाले ॲलिगेटर स्नॅपिंग टर्टल आहे आणि १०० किलोचं होतं, हे ऐकल्यापासून नवऱ्याची झोप उडालीय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याचा फार जीव जडलाय त्याच्यावर. सध्या १० गॅलनच्या टँकमध्ये आहे, एक दगड आणि मागे लटकवायचा छोटा फिल्टर, पण दिवसभर काचेला नाक लावून वरखाली धडपडत असतं ते बघवत नाही. तर हे नक्की कुठलं आहे, किती मोठं होणार, आणि आता लगेच मोठा टँक घ्यायचा तर केवढा घ्यायचा, कोणी पाळलंय का?

बायूकाठी:
मुग्धाताई, आधी ओळख पटवू मग टँकचं बोलू, कारण स्नॅपिंग टर्टलच्या कॉमन आणि ॲलिगेटर या जातींत जमीनअस्मानाचा फरक आहे. मी ह्यूस्टनला असतो, इथे शहराच्या मधून वाहणाऱ्या बफेलो बायूत दोन्ही जाती आहेत त्यामुळे दोन्ही जवळून बघितल्यात, आणि माझ्याकडे कॉमन स्नॅपर बरीच वर्षं आहे. तुम्ही फक्त एवढं बघून सांगा. कासव पाण्यात तळाला असताना बरोब्बर वरून बघा, दोन्ही डोळे दिसतात का? मग पाठीच्या कवचाची कड बघा, सगळ्यात बाहेरच्या छोट्या प्लेटा आणि आतल्या मोठ्या प्लेटा यांच्या मध्ये बाजूला अजून एक जादा ओळ आहे का? शेपटीवर वरच्या बाजूला मगरीसारखे मोठे दातेरे आहेत की बारीक पुटकुळ्या? आणि तोंड उघडेल तेव्हा जिभेवर गुलाबीसर अळीसारखं काही दिसतं का बघा, पण त्यासाठी बोट जवळ न्यायचं नाही, तो स्वतःहून उघडेल तेव्हाच बघायचं.
आणि उचलताना शेपटीला धरून कधीही, कधीही उचलू नका, मुलालाही आत्ताच सांगून ठेवा, मणक्याला इजा होते. आत्ता ३ इंचाचं आहे तोवर दोन्ही बाजूंनी कवच धरलं तरी चालेल, पण मागच्या अर्ध्या भागात धरा, मान लांब असते आणि कवचाच्या बाजूपर्यंत सहज वळते.

मुग्धा_पिट्सबर्ग:
बघितलं सगळं. वरून बघितलं तर दोन्ही डोळे स्पष्ट दिसतात, पुढच्या बाजूला आहेत जरा. जादा ओळ नाही. शेपटीवर मोठे दातेरे आहेत, ओळीने, मुलगा म्हणतोय डायनोसॉरसारखे. जीभ साधी आहे, अळीबिळी नाही. अजून एक, कवचाच्या कडेला खालून फिकट पांढुरके ठिपके आहेत, जुन्या फोटोत ते एकदम ठळक दिसतायत. आणि पोटाकडचं कवच फार लहान आहे, अधिक चिन्हासारखं, बाकी सगळं अंग उघडंच. हे नॉर्मल आहे ना, की कवच वाढलं नाहीये नीट?

बायूकाठी:
एकदम नॉर्मल, आणि उत्तरही मिळालं. हे कॉमन स्नॅपिंग टर्टल आहे, चेलिड्रा सर्पेंटिना. ॲलिगेटरवाल्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, वरून दिसत नाहीत, डोळ्यांभोवती मांसल झालरी असतात, डोकं त्रिकोणी आणि चोच पार आकड्यासारखी वळलेली, कवचाला बाजूला ती जादा ओळ, आणि जिभेवरची अळी तर सगळ्यात मोठी खूण, तोंड उघडून तळाला पडून राहतात आणि ती हलवून मासे बोलावतात. पाठीवरच्या तीन रेघांमुळे लोक फसतात. पिल्लूपणी दोन्ही जातींना त्या असतात, पण कॉमनच्या वयाबरोबर झिजत जातात, म्हाताऱ्या कॉमन स्नॅपरची पाठ जवळजवळ गुळगुळीत असते, ॲलिगेटरच्या मात्र शेवटपर्यंत उंच राहतात. शिवाय ॲलिगेटर हे मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या दक्षिणेकडच्या नद्यांतलं कासव, पिट्सबर्गच्या क्रीकला पिल्लू सापडेल हे जवळपास अशक्य.
मस्क टर्टलच्या पिल्लाशी पण गल्लत होते कारण तेही काळं आणि वास सोडणारं, पण त्याच्या डोक्यावर दोन पिवळसर पट्टे असतात आणि शेपूट आखूड. तुमच्याकडे ती शंकाच नाही.
पोटाचं कवच लहान म्हणूनच याला बाकी कासवांसारखं आत शिरून बसता येत नाही. जमिनीवर असलं की पळायला जागा नाही आणि लपायला कवच नाही, म्हणून तोंड पुढे करतं. पाण्यात हेच कासव माणूस दिसला की निमूट चिखलात जातं. हे लक्षात ठेवलं की त्याच्या रागाचं अर्धं गूढ उकलतं.

केदार_म:
साहेबांना सांगा १०० किलोचं नाही होत 🙂 पण मग किती होतं?

बायूकाठी:
कॉमन साधारण ८ ते १४ इंचाचं कवच आणि ४ ते १६ किलो वजन. त्याहून मोठे सापडलेत, रानातला ३४ किलोपर्यंतचा नोंदलेला आहे, पण ते अपवाद. नर माद्यांपेक्षा मोठे होतात. आणि हे फक्त कवच झालं हं, त्याच्यापुढे मान आणि मागे तेवढीच शेपूट, म्हणजे १२ इंची कासव पसरलं की अडीच फुटांच्या वर जातं. टँक घेताना लोक इथेच चुकतात, कवच मोजतात आणि प्राणी मोजत नाहीत.

अल्बनीची_अस्मिता:
मुग्धा, एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी विचारली नाहीये म्हणून लिहिते, कायद्याचं काय? मी न्यूयॉर्क स्टेटमध्ये आहे, इथे स्थानिक जातीची कासवं उचलून घरी ठेवायला परवानगीच नाही. स्नॅपिंग टर्टल २००६ पासून आमचा स्टेट रेप्टाइल आहे, शिकारीचा मोसम आहे पण १२ इंचांच्या खालच्याला हात लावता येत नाही. पेनसिल्व्हेनियाचे नियम वेगळे आहेत, तिथे फिशिंग लायसन्सवर ठरावीक मोसमात पकडता येतात, पण पाळायचं असेल तर तुमच्या फिश अँड बोट कमिशनला स्वतः विचारून घे, शेजाऱ्यांच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि जे उत्तर येईल ते ईमेलवर घे, उद्या व्हेट विचारेल किंवा तुम्ही दुसऱ्या राज्यात जाल तेव्हा हातात कागद पाहिजे.
हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगते, सप्टेंबरमध्ये अंगणात, ड्राइव्हवेवर नाण्याएवढं काळं पिल्लू दिसलं तर ते हरवलेलं नसतं. आई मे-जूनमध्ये पाण्यापासून लांब येऊन २० ते ४० अंडी मातीत पुरून निघून जाते, पिल्लं उन्हाळ्याच्या शेवटी आपापली बाहेर पडून पाण्याकडे चालतात. त्याला घरी न्यायचं नाही, फार तर रस्त्यातून बाजूला, ज्या दिशेला चाललंय त्या दिशेला, झाडोऱ्यात ठेवायचं. त्याच दिवशी केलं तर काही बिघडत नाही.

मुग्धा_पिट्सबर्ग:
थँक्यू अस्मिता, हे डोक्यातच नव्हतं आलं, उद्याच फोन करते. पण मग मनात आलं की एवढं सगळं असेल तर त्याच क्रीकमध्ये नेऊन सोडलं तर? मुलगा रडेल पण त्याच्यासाठी तेच चांगलं नाही का?

ओंटारिओकर:
नाही ताई, आता नको. सापडल्यावर दुसऱ्या दिवशी सोडलं असतं तर मीच म्हणालो असतो की सोडा. वर्षभर घरात राहिलेलं, दुकानातलं खाणं खाल्लेलं, कदाचित दुसऱ्या पाळीव कासवा-बेडकांच्या टँकचं पाणी लागलेलं कासव रानात सोडणं म्हणजे तिथल्या सगळ्यांना धोका, रानाव्हायरससारखे रोग असेच पसरतात, बाहेरून ते धडधाकट दिसलं तरी. शिवाय सोडणं हेही कायद्यात बसतं का ते बघावं लागतं. कमिशनशी बोलाल तेव्हा हा प्रश्नही विचारा, ते म्हणाले तर परवानाधारक वाइल्डलाइफ रिहॅबकडे, म्हणजे रानातले प्राणी सांभाळणाऱ्या केंद्राकडे, देता येईल, तिथे तपासून काय ते ठरवतात.
मी इथे दर जूनमध्ये कासवांना रस्ता ओलांडून देणाऱ्या ग्रुपमध्ये असतो, त्यामुळे माझं मत जरा कडक आहे, राग मानू नका. ही कासवं पाळायला आणूच नयेत. आमच्या अल्गोंक्विन पार्कमध्ये १९७२ पासून एकेका कासवावर खूण करून अभ्यास चालू आहे, त्यातून दिसलं की यांचं आयुष्य शंभरीच्या पलीकडे जाऊ शकतं आणि इथल्या थंडीत मादी पहिल्यांदा अंडी घालते तेव्हा ती १७-१८ वर्षांची असते. अंडी तर रॅकून आणि कोल्हेच खातात, जेमतेम एखादं पिल्लू मोठं होतं. म्हणजे सगळा भार म्हाताऱ्या माद्यांवर, आणि त्याच अंडी घालायला येतात तेव्हा गाडीखाली जातात. ओंटारिओने २०१७ मध्ये यांची शिकार बंद केली ती याचमुळे.
पण तुमच्याकडे ते आलेलंच आहे, त्यात तुमचा दोष काही नाही, तर आता नीट सांभाळा एवढीच विनंती.

चिबाची_चैत्राली:
जपानमधून. सोडण्यावरून सांगते, इथे चिबामध्ये इनबा-नुमा तळ्याच्या परिसरात लोकांनी पाळून सोडून दिलेली हीच कासवं आता रानात वाढलीयत, अंडी घालतायत, सरकारला सापळे लावून पकडावी लागतात. २००५ पासून परवानगीशिवाय पाळायलाच बंदी आहे. जिथलं नाही तिथे सोडलं की काय होतं ते इथे येऊन बघा.

पुणेरी_मत्स्यालय:
आमच्याकडे ॲक्वेरियमच्या दुकानांतून 'ॲलिगेटर टर्टल' म्हणून पिल्लं दाखवतात ती हीच का? एक मित्र घेतो म्हणतोय, ४ फुटी टँक आहे त्याच्याकडे.

प्राण्यांची_डॉक्टर:
@पुणेरी_मत्स्यालय, त्याला थांबवा. दोन्ही जाती नोव्हेंबर २०२२ च्या पनामा परिषदेत साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये गेल्या आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, अशा प्राण्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. कागदाशिवाय घेतलं तर गुन्हा. आणि मोठं झाल्यावर हे मुळा-मुठेत सोडलं गेलं तर आपली स्थानिक कासवं आधीच कमी झालीयत. ४ फुटी टँक त्याला तीन-चार वर्षांत पुरणार नाही.
@मुग्धा, मी इथे मेरीलँडमध्ये एक्झॉटिक प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, तब्येतीचं आणि खाण्याचं रात्री सविस्तर लिहिते.

बायूकाठी:
आता घराचं. माझं म्हणणं आधीच सांगतो, पायरीपायरीने टँक घेत बसू नका. १० नंतर २०, मग ४०, मग ७५, मग १२५, असं करत लोकांचे ढीगभर पैसे जातात आणि प्रत्येक टँक सहा महिन्यांत लहान पडतो. काचेचा एकच मधला टँक घ्या आणि त्यानंतर थेट शेवटचं घर.
३ इंचाला ४० गॅलन ब्रीडर बरा, ३६ बाय १८ इंचाचा तळ असतो. उंची नको, तळ हवा, कारण हे पोहणारं कासव नाही, तळावरून चालणारं आहे. सध्या पाणी इतकंच ठेवा की तळाला उभं राहून मान वर केली की नाक बाहेर आलं पाहिजे. आत्ता जे काचेवर धडपडतंय ना, त्याचं एक कारण हे असू शकतं की पाणी खोल आहे आणि श्वासासाठी वर येताना आधार नाही, दुसरं कारण म्हणजे लपायला काहीच नाही. ड्रिफ्टवुडचा मोठा तुकडा, ओकची वाळकी धुतलेली पानं, अर्धी कुंडी, काहीही घाला ज्याच्याखाली ते अंग चोरून बसेल. धडपड कमी होते बघा. बारीक खडे टाळा, खाण्याबरोबर गिळतात. एक तर मऊ वाळू नाहीतर उघडा तळ, मी उघडाच ठेवतो कारण साफ करायला सोपं.
पाणी २४ ते २६ अंश सेल्सिअस. हीटर असेल तर त्याला प्लास्टिकचं गार्ड लावाच, ही कासवं काचेचा हीटर फोडतात. स्लायडर जातीच्या कासवांइतकं ऊन खात बसत नाहीत, पण एक उतरती फळी आणि वर गरम दिवा द्या, आणि यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, ट्यूब द्या. यूव्हीबी काचेतून जात नाही, त्यामुळे खिडकीतलं ऊन मोजू नका आणि ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवू नका. ट्यूब चालू दिसली तरी सहा महिने ते वर्षभरात बदलायची.
फिल्टर मात्र टँकच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट रेटिंगचा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा मोठा फिल्टर, लटकणारा छोटा याच्या घाणीपुढे टिकत नाही. आठवड्याला पाव ते अर्धं पाणी बदला, नळाचं पाणी डीक्लोरिनेटर घालून.
आणि दुसरं कुठलंही कासव, मासा जोडीला नको. एकटं राहणारा प्राणी आहे, सोबत दिलेलं खातो किंवा त्याच्या शेपट्या-पाय तोडतो.
मग ५-६ इंचाचं झालं की, पाळलेली भराभर वाढतात त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच, सरळ ३०० गॅलनचा गुरांना पाणी पाजायचा स्टॉक टँक घ्या. ट्रॅक्टर सप्लायच्या दुकानात मिळतो, काळा किंवा करडा जाड प्लास्टिकचा, साधारण ६३ बाय ६९ इंच आणि २५ इंच उंच. एवढ्या पैशात एवढी जागा काचेत मिळत नाही, आणि बाजूने आरपार दिसत नसल्यामुळे कासवही शांत राहतं. माझं यातच आहे. माझा साधा हिशोब, लांबी कवचाच्या निदान पाचपट आणि रुंदी तिप्पट. १२ इंचाला ५ बाय ३ फूट, म्हणजे हा टँक त्याला आयुष्यभर चालतो, मोठा नर निघाला तर बाहेर तळं खणावं लागेल.

निखिल_सी:
बाहेर तळं असेल तर काय काळजी घ्यायची? आमच्याकडे कुंपण आहे चेनलिंकचं.

बायूकाठी:
चेनलिंक उपयोगाचं नाही, ही कासवं जाळीवर नखं अडकवून चढतात आणि वरून पलीकडे पडतात. गुळगुळीत भिंत हवी, लाकूड किंवा ब्लॉकची, वरच्या कडेला आत वळलेली पट्टी, आणि भिंत जमिनीत फूटभर पुरलेली कारण खणतातही. लहान असेपर्यंत रॅकूनसाठी वरूनही जाळी.

मुग्धा_पिट्सबर्ग:
३०० गॅलन!! नवरा आत्ता माझ्या मागे उभा राहून वाचतोय. तो म्हणतो पहिल्या मजल्यावरच्या फॅमिली रूममध्ये ठेवलं तर फ्लोअर खाली येईल. खाली बेसमेंट आहे आमच्याकडे, काँक्रीटचं फ्लोअर, कोपऱ्यात ड्रेन आहे. पण तिथे अंधार आणि थंडी.

स्लॅब_आणि_बीम:
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, कोलंबसला. तुमच्या मिस्टरांची शंका एकदम रास्त आहे, हिशोब करून दाखवते. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे ३०० गॅलन झाले २५०० पाउंड, किलोत ११३५ च्या पुढे, एक टनाहून जास्त. टँकचा तळ ढोबळमानाने ३० चौरस फूट. म्हणजे काठोकाठ भरला तर चौरस फुटाला ८३ पाउंड. अमेरिकेतल्या घरात राहत्या खोलीच्या लाकडी फ्लोअरचं डिझाइन ४० पाउंडांना असतं, बेडरूमचं ३०. तुम्ही अर्धाच भरलात तरी ४० ला टेकता, वर टँकचं स्वतःचं वजन, लाकूड, दगड, स्टँड आणि तिथे वाकून बघणारी माणसं वेगळीच. आणि हा भार पाहुण्यांसारखा येऊन जाणारा नाही, वर्षानुवर्षं तिथेच बसणार, त्याने फ्लोअरखालचे लाकडी जॉइस्ट, म्हणजे आडवे वासे, हळूहळू वाकतात.
४० गॅलनचा टँक वर ठेवायला काहीच हरकत नाही, बाहेरच्या भिंतीला लागून, जॉइस्ट ज्या दिशेने जातात त्यांना आडवा ठेवा म्हणजे वजन एकापेक्षा जास्त जॉइस्टवर वाटलं जातं. ३०० गॅलनसाठी बेसमेंटचा स्लॅबच. जमिनीवर बसलेल्या काँक्रीटला हे वजन काहीच नाही. ड्रेन आहे ते तर सोन्याहून पिवळं, मी असते तर दुसरी जागा बघितलीच नसती. फक्त जिथे प्लग लावाल ते आउटलेट जीएफसीआय, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारं, असू दे आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी आउटलेटमध्ये न जाता खाली टपकतं.

प्राण्यांची_डॉक्टर:
आता खाणं. घरी आणलेल्या स्नॅपरला उपाशी राहून आजार होत नाहीत, जास्त खाऊन होतात. मागेल तेव्हा देत गेलात तर ते कायम मागतच राहणार, तोंड उघडून काचेशी येणार, आणि लोकांना वाटतं भूक लागली. पायांच्या खाचांतून, मानेच्या बाजूने चरबीच्या वळ्या बाहेर आलेल्या दिसल्या की समजायचं. ३ इंचाच्याला आता रोज ऐवजी एक दिवसाआड, मोठं झालं की आठवड्यातून दोन-तीनदा. मुख्य खाणं चांगल्या कासवांच्या पेलेट्स, त्यात गांडुळं, कधी गोगलगाय, कोळंबी सालासकट. पाळीव दुकानातले गोल्डफिश आणि रोझी रेड मिनो देऊ नका, त्यांच्यात थायामिनेज असतं, ते नेमाने खाल्लं की जीवनसत्त्व बी १ कमी पडतं आणि कासवाच्या नसांवर परिणाम होतो. आणि पाला! लोक याला पक्कं मांसाहारी समजतात पण रानातलं मोठं स्नॅपर बरीचशी पाणवनस्पती खातं. डकवीड, वॉटर लेट्युस टँकमध्ये तरंगत ठेवा, डँडेलियनची पानं द्या, नुसता आइसबर्ग लेट्युस नको त्यात काही नसतं. कटलबोन (कटलफिशचं हाड) टाकून ठेवा, कॅल्शियमसाठी आणि चोचीसाठी.
लक्ष कुठे ठेवायचं तर डोळे सुजणं, नाकातून बुडबुडे, पाण्यात एका कुशीवर कलून राहणं हे न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं, आणि कवचावर मऊ, वास येणारे डाग. यातलं काही दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरला याचं औषध माहीत असेलच असं नाही. कवचावरचं हिरवं शेवाळ मात्र नुसतं शेवाळ असतं, घासत बसू नका.
साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू. कासव धडधाकट दिसलं तरी अंगावर असू शकतो. अमेरिकेत ४ इंचांखालची कासवं पाळीव म्हणून विकायला १९७५ पासून बंदी आहे ती लहान मुलं ती तोंडात घालत म्हणून. हात साबणाने धुवायचे, टँकचं पाणी आणि फिल्टर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही नाही, त्यासाठी वेगळी बादली. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा आजी-आजोबा असतील तर जास्त जपा.

श्रीधर_काका:
झाडूचा दांडा एका चाव्यात तोडतं असं लहानपणी इथल्या मित्रांकडून ऐकलं होतं, खरं आहे का डॉक्टर? मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणून विचारतो.

प्राण्यांची_डॉक्टर:
काका, दांडा मोडण्याची गोष्ट फार वाढवून सांगितली जाते. प्रयोगात मोजलेला जोर २०० न्यूटनच्या आसपास आहे, माणसाच्या दाढांचा याच्या कितीतरी जास्त असतो. पण चोचीची कड धारदार असते आणि झेप फार वेगाची, त्यामुळे मोठ्या कासवाची जखम खोल होते, लहान मुलाच्या बोटाला तर नक्कीच. आताच सवय लावा, हाताने भरवायचं नाही, लांब प्लास्टिकच्या चिमट्याने द्यायचं, म्हणजे बोट आणि खाणं यांची त्याच्या डोक्यात सांगड बसत नाही. मुलाने बघावं, वहीत वजन लिहावं, पेलेट मोजून द्याव्यात, पण ५ इंचांच्या पुढे उचलायचं काम मोठ्या माणसाचं. उचलताना मागून, दोन्ही हात मागच्या पायांच्या बाजूने कवचाखाली, तोंड आपल्यापासून लांब. साफसफाईच्या वेळी झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा ठेवा, त्यात शिरायला लावायचं, हाताळायची वेळच येऊ द्यायची नाही.

मुग्धा_पिट्सबर्ग:
मुलाने सगळे प्रतिसाद वाचले, त्याला मराठी सावकाश वाचता येतं, आणि त्याचा प्रश्न आहे की हा मुलगा आहे की मुलगी?

बायूकाठी:
एवढ्या लहानपणी कळत नाही बाळा. मोठं झालं की शेपटीवरून कळतं, नराची शेपूट बुडाशी लांब आणि जाड असते आणि मलद्वार कवचाच्या कडेच्या बाहेर येतं, मादीचं साधारण कडेशी किंवा आत असतं. आणि हे ठरतं अंडी मातीत किती गरम होती त्यावर, मधल्या तापमानाला नर आणि फार थंड किंवा फार गरम असेल तर माद्या. तुझं कासव कुठल्या उन्हातल्या मातीत होतं ते त्यालाच माहीत, निदान ७-८ इंचाचं होईपर्यंत थांब.

मुग्धा_पिट्सबर्ग:
अपडेट देते. कमिशनला फोन झाला, त्यांनी कुठे आणि कधी सापडलं ते सगळं ईमेलवर मागितलं, शेजाऱ्यांकडून तसं लिहून घेतलं आणि पाठवलंय, उत्तराची वाट बघतोय. ठेवू नका म्हणाले तर ते सांगतील त्या रिहॅबला नेऊन देऊ, मुलाशी तसं नीट बोललोय, रडला थोडा पण कबूल झाला. उत्तर येईपर्यंत तरी त्याचे हाल नकोत म्हणून ४० गॅलनचा वापरलेला टँक आणला, पाणी कमी केलं, नदीकाठचं नाही, दुकानातलंच ड्रिफ्टवुड घातलं. आता बहुतेक वेळ त्याच्याखालीच असतं, फक्त नाकाचं टोक बाहेर. काचेवरची धडपड बरीच कमी झालीय. एक दिवसाआड खाणं सुरू केलंय, मिनो बंद. नवरा बेसमेंटचा कोपरा रिकामा करतोय, म्हणतोय परवानगी आली तर स्टॉक टँक लगेच आणू, नंतर कशाला. फक्त एवढ्या लहान कासवाला तो आत्ताच चालेल का, आणि ३०० गॅलनचं पाणी बदलायचं कसं, बादल्यांनी तर शक्य नाही. आणि थंडीचं काय?

बायूकाठी:
मिस्टरांचं बरोबर आहे. पाणी ५-६ इंचच भरा, एका बाजूला लाकडं रचून उथळ चढ करा, कासवाबरोबर पाण्याची पातळी वाढवत न्या. मोठ्या जागेत हरवतं वगैरे काही नाही. फक्त खाणं दर वेळी एकाच कोपऱ्यात द्या म्हणजे खाल्लंय की नाही ते कळतं.
पाणी बदलायला या टँकना तळाशी ड्रेनचं बूच असतंच. ते काढून तिथे बॉल व्हॉल्व बसवा आणि गार्डन होज जोडून तुमच्या ड्रेनपर्यंत न्या. हे टँक रिकामं असतानाच करायचं, आणि पाणी भरून एक रात्र ठेवून गळतंय का बघायचं, मगच कासव. टँक सरळ जमिनीवर ठेवला तर व्हॉल्वला हात पुरत नाही आणि उतारही मिळत नाही, म्हणून खाली काँक्रीट ब्लॉक जवळजवळ लावून त्यावर जाड प्लायवुड, तळ सगळीकडून टेकला पाहिजे. व्हॉल्वच्या आतल्या बाजूला जाळी लावा, नाहीतर पानं अडकतात.
थंडीला पाण्यातला हीटर गार्डसकट, दोन लहान घ्या एका मोठ्याऐवजी, एक बंद पडला तर दुसरा चालू राहतो आणि एखादा बिघडून चालूच राहिला तरी पाणी उकळत नाही. दिव्यांना १२ तासांचा टायमर. बेसमेंटमध्ये दमट होईल, डीह्युमिडिफायर लागेल.

स्लॅब_आणि_बीम:
ब्लॉक लावणार असाल तर पोकळ भोकं वर-खाली येतील असे उभे ठेवा, आडवे नकोत, आडवे केले की त्यांची ताकद फार कमी होते. आणि बेसमेंटच्या स्लॅबला ड्रेनकडे उतार असतो, त्यामुळे प्लायवुडवर लेव्हल ठेवून बघा, गरज पडली तर पाचरी ब्लॉकच्या खाली घाला, प्लायवुड आणि टँकच्या मध्ये नको.

मुग्धा_पिट्सबर्ग:
लेव्हल आहे घरात, आज रात्रीच बघतो. व्हॉल्व पाऊण इंची घ्यायचा की एक इंची?

बायूकाठी:
आधी टँक आणा आणि बूच काढून मोजा, कंपनीप्रमाणे वेगळं असतं. होज जोडायला शेवटी पाऊण इंचच लागतं, त्यामुळे बुचाच्या मापापासून पाऊण इंचावर आणणारा ॲडॅप्टर घ्या, आणि धाग्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर.